फिनलंडचं कार्ड

मी मागल्या दारी पोचले तेव्हा सासूबाई विहिरीपाशी बसून लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेत होत्या. भर दुपार, वैशाखाचं ऊन, आणि सकाळीच त्यांची आंघोळ झालेली मी पाहिली होती.

"आई, बरं नाही का वाटत?"

"उकडता," त्या म्हणाल्या आणि आणखी एक कळशी ओतून घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी पदराने घाम पुसत उभी राहिले. मालवणच्या ग्रंथालयातून पायी आले होते, हातात नकाशांचं जाड पुस्तक होतं. दुसऱ्या दिवशी कणकवलीच्या एका मुलींच्या शाळेत माझी मुलाखत होती, भूगोलाच्या शिक्षिकेच्या जागेसाठी. लग्न होऊन कोल्हापूरहून या खाडीकाठच्या वाडीत आले त्याला तीन-चार वर्षं झाली होती. बी.ए.चा निकाल लग्नानंतर हातात पडला आणि ट्रंकेत गेला. घरात आम्ही दोघीच. माझे यजमान दिगंबर हडकर मालवाहू बोटीवर खलाशी. वर्षातून एकदा येत, नाचणीच्या भाकरीवर तुटून पडत आणि पुन्हा जात.

"तुझो पोलको हाडलंय पास्कूकडसून," सासूबाई पाणी निथळत म्हणाल्या. "खाटीर ठेवलंय."

पास्कू टेलरचं दुकान रस्त्याला होतं. वाडीचं टपाल पोस्टमन त्याच्याकडेच टाकून जाई. मुलाखतीसाठी शिवायला दिलेला नवा ब्लाउज आणायला आई स्वतः गेल्या, याचंच मला नवल वाटलं. कारण ही नोकरी त्यांना मुळीच नको होती. महिनाभर येता-जाता ऐकवत होत्या, "घोव दर्यार कमावता, आणि बायल खंय कमावूक चल्ली? लोकांका वाटात, हडकरांचा पोट भरणा नाय."

मी आत जाऊन ब्लाउज पाहिला. घडी विस्कटली होती. मापाला मात्र बरोबर होता.

"उद्याची एस्टी कधीची?" ओसरीवरून त्यांनी विचारलं.

"पहाटेची पहिली."

"चुकवू नको."

मी दाराशी आले. त्या ओल्या लुगड्यातच उभ्या होत्या, खाडीकडे तोंड करून.

"म्हणजे जाऊ मी?"

"मगे पोलको कित्याक शिवलंस?"

मी पुस्तक उघडून बसले, पण दोन ओळी वाचल्या की नजर बाहेर जायची. आई एका जागी थांबत नव्हत्या. लाकडांचा ढीग या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेला. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आल्या, थोड्या वेळाने पुन्हा गेल्या.

रस्ता तशी मीही बघतच होते. यजमानांचं शेवटचं कार्ड डर्बन बंदरातून आलं होतं, शिमग्याच्या आधी. त्यानंतर काही नाही. एरवी प्रत्येक बंदरातून ते एक चित्राचं कार्ड टाकत. मजकूर ठरलेला: मी खुशाल आहे, आईस नमस्कार, कुंदास आशीर्वाद. त्या कार्डांवरूनच मला हा नाद लागला होता. एका मासिकात पत्रमैत्रीच्या मंडळाची जाहिरात वाचून मी नाव कळवलं. मंडळ परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाचा पत्ता पाठवी. आपण त्याला कार्ड टाकायचं, त्याने आपल्याला. जपानातली एक परिचारिका, अर्जेंटिनातला एक निवृत्त रेल्वे गार्ड, फिनलंडमधल्या तळ्याकाठी राहणाऱ्या आइलीबाई. मालवणात किल्ल्याची चित्रकार्डं मिळत ती संपली की मी साध्या कार्डावर रंगपेटीने माड नाहीतर होडी काढायची आणि मागे मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहायची. आलेली कार्डं मी माजघराच्या भिंतीवर चिकटवत असे.

आईंना मी हे सगळं समजावलं होतं. एकदा नव्हे, पुष्कळदा.

"वळख ना पाळख, आणि पदरचे पैसे घालून कोण कोणाक लिवता?" त्या म्हणत. "दिगूच्याच वळखीचे असतले. त्येणाच सांगला असतला, माझ्या बायलेची खबर घेवा म्हणान."

"अहो आई, हे फिनलंड. तिथे यांची बोट जातच नाही."

"तुका काय म्हायत, बोट खंय जाता ती?"

शेवटी मी नाद सोडला. शेजारणींना त्या अभिमानाने भिंत दाखवत: हे आमच्या दिगूचे जपानातले लोक, हे अमक्या देशातले. मीही हसून गप्प बसे. त्यात कुणाचं काय बिघडत होतं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात डोकावले तर चुलीवर नुसती पेज रटरटत होती. आमच्या घरात मासळीवाचून जेवण होत नसे. आणि सकाळीच पेडवे आलेले मी पाहिले होते.

"पेडवे?"

"मांजरान खाल्ल्यान."

मांजर ओसरीवर उपाशी ओरडत होतं. माझ्या मनात चरचरलं. उद्या परीक्षेला निघालेल्या मुलीला दहीसाखर घालतात आणि इथे मला पेज. देवापुढे दिवाही लागला नव्हता. मी काडेपेटी घेऊन उठले तर म्हणाल्या, "रवांदे. तू वाच तुझा."

"दिवा लावायला कितीसा वेळ लागतो?"

"रवांदे म्हटलंय ना."

शेजारच्या सावित्रीकाकू रोजच्यासारख्या पानाचा डबा घेऊन आल्या. आईंनी त्यांना बेड्यातच गाठलं. "कुंदाक अभ्यास आसा," म्हणाल्या आणि तिथूनच परत पाठवलं. काकू जाताना दोनदा वळून माझ्याकडे बघत गेल्या. इतक्या वर्षांत या घरातून कुणी असं परतलं नव्हतं.

पेज मी एकटीनेच खाल्ली. आई समोर बसल्या, हाताशी ताट न घेता.

"तुम्ही?"

"माका उपास."

"कसला?"

"आसा एक." मग थोडं थांबून, "पगार कोणाच्या हातात देतत? बायलेच्या, काय घोवाच्या?"

"जिची नोकरी तिच्या हातात."

"आणि नोकरी ऱ्हवता? काय चार म्हयन्यांनी घरी धाडतत?"

"वर्षभर बघतात. मग कायम करतात."

"समजा, घरात कायतरी झाला. बायलेक कामार येवक जमला नाय. मगे?"

"मग रजा मिळते."

"किती?"

मी भांडं खाली ठेवलं. "आई, मी जाऊ नये असं वाटत असेल तर सरळ सांगा. असं आडून आडून नको."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं आणि आता नजर काढत नव्हत्या. मग उठून म्हणाल्या, "तू जातलंस. जेव."

रात्री मला झोप आली नाही. कोंबडा आरवायच्या आत मी उठले, तर न्हाणीघरात पाणी तापलेलं होतं. नवा ब्लाउज, कोल्हापूरची निळी साडी. आरशासमोर उभी राहिले, तोच आई मागून आल्या आणि माझ्या हातातली कुंकवाची डबी काढून घेतली.

"फिर हंय."

त्यांनी मला कधीच कुंकू लावलं नव्हतं, लग्नातही नाही. विधवा बाई, त्या डबीला हातही लावत नसत. आज मात्र बोट बुडवून त्यांनी माझ्या कपाळावर हे एवढं मोठं कुंकू लावलं.

"आई, मोठं झालं. शाळेत जायचंय मला."

"आसांदे. आजच्या दिवस मोठा आसांदे."

कणकवलीच्या वाटेवर एस्टीच्या खिडकीत बसून मी ते रुमालाने पुसून लहान केलं. रागच आला होता मला. पेज, दिवा नाही, शेजारीण बेड्यातून परत, आणि वर हे बुजगावण्यासारखं कुंकू. मला जायला तर सांगायचं आणि माझं मन असं ढवळून ठेवायचं. मुलाखतीत नापास झाले की आईंच्या मनासारखं होईल, असंच मला वाटत होतं. पुस्तक उघडलं, पण एकही नदी डोक्यात शिरली नाही. जांभळाएवढी गोष्ट मनात घोळत राहते ना, तसं चाललं होतं. आणि मधूनच, काही कारण नसताना, डर्बन.

मुलाखतीला तिघंजण होते. मध्ये संस्थेचे अध्यक्ष, जाड चष्म्याचे.

"यजमान बोटीवर. ते उद्या म्हणाले, मुंबईला बिऱ्हाड करू, तर तुम्ही निघालात. आमच्या मुली पुन्हा वाऱ्यावर."

"ते असं म्हणतील तेव्हा त्यांनी आधी स्वतः घरी राहायला हवं," मी म्हणाले. कालपासूनचा राग होता, तोंडातून निघून गेलं. बाजूच्या मुख्याध्यापिका खाली बघून हसल्या.

"मुलींना भूगोल आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पाठ करतात आणि विसरतात. तुम्ही वेगळं काय करणार?"

माझ्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं जपानचं कार्ड होतं. ते मी पुढे केलं. "या बाईंना मी ओळखत नाही. त्यांनी लिहिलंय, आज सकाळी जमीन हलली, फळीवरचे कप फुटले, आता नवे आणायला बाजारात निघालेय. जपानात भूकंप होतात हे आपल्या पुस्तकात आहे. कप नाहीत. मी मुलींना कार्डं लिहायला लावीन."

अध्यक्षांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, डाव्या बाजूच्या गृहस्थांना दिलं, त्यांनी टपालाचा शिक्का वाचायचा प्रयत्न केला. मला बाहेर बसवलं. तासाभराने शिपायाने आत बोलावून नेमणुकीचं पत्र हातात दिलं. जूनपासून.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण परतीच्या गाडीत मी पत्राची घडी घालत आणि उलगडत बसले आणि घरी जाऊन हे कसं सांगायचं याचीच जुळवाजुळव करत राहिले.

सांगायची वेळ घरापर्यंत आलीच नाही. ऊन कलतं झालं होतं. मी एस्टीतून उतरले तर रस्त्याच्या मोरीवर आई बसलेल्या. पायात वहाण नाही.

"लागली?"

"लागली."

"लिवन दिल्यानी?"

"हो. हे पत्र."

पत्र त्यांनी हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं. "आता तेंका काढून घेवक येता?"

"नाही. आई, चला घरी. इतक्या उन्हात तुम्ही—"

"बस हंय."

मी त्यांच्या शेजारी मोरीवर टेकले. त्यांनी कनवटीतून एक कार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "माका वाचूक येणा नाय. पोलक्याच्या घडयेत होता. तू वाच. सावकाश वाच. मी आसंय हंय."

कार्डाला वरचा उजवा कोपरा नव्हता.

आता पोरांना सांगावं लागतं, पण तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. कोपरा नसलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी. असं कार्ड आलं की घरच्यांनी ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करून घरात यायचं. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते वाचता येई. परदेशी चित्राचं कार्ड, कोपरा गेलेला, आणि दीड-दोन महिने दिगूची खबर नाही. कालची दुपार, विहीर, पेज, न लावलेला दिवा, कुंकू, सगळं एकदम माझ्या पुढ्यात येऊन उभं राहिलं.

मी बी.ए. झालेली, फिनलंड कुठे आहे ते त्यांना शिकवणारी. पण क्षणभर मलाही त्या कार्डावरचं चित्र दिसलं नाही, नुसता कोपराच दिसला. उलटवायला हात होईना. आईंनीच ते उलटवलं.

तिरकं, निळ्या शाईतलं, ओळखीचं अक्षर.

"आई, हे यांचं नाही."

"वाच."

"आइलीबाईंचं आहे, फिनलंडच्या. लिहिलंय, काल आमच्या तळ्यावरचा बर्फ मोठा आवाज करून फुटला. आमच्या गाईला वासरू झालं. तुमच्याकडे आता काय चाललं आहे?"

"खोटा सांगू नको. माझ्यासाठी खोटा सांगू नको, गो."

"तुमची शपथ. हे बघा, ही सही. भिंतीवर हिची अजून तीन कार्डं आहेत."

"मगे कोपरो?"

कोपऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण ते कुणाकडे असेल ते एकाएकी कळलं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही तशाच पास्कूच्या दुकानात गेलो. तो मशीनवर वाकून शेजारच्या कुणाची तरी विजार शिवत होता. त्याला परदेशी तिकिटांचा षोक होता आणि माझ्या कार्डावरची तिकिटं तो काढून घेई. तसं आमचं ठरलेलं होतं.

"पास्कू, हा कोपरा?"

"वयनी, तुम्हीच सांगलास ना," पास्कू पाय थांबवून म्हणाला. "गेल्या वेळेक पाण्यात घातलंय तर अक्षरां फुगली, तुम्ही रागावलात. म्हणान हेका पाणी लावक नाय. घडयेत घालून दिलंय, तुमच्याच हाताक लागांदे म्हणान."

"कोपरो फाडलेलो कारड तू हडकराच्या घरात धाडतंस?" आई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की पास्कूने मान पुढे केली.

"फाडलंय खंय, आये? कापलंय. कात्रीन. बघा तरी, काय सरळ रेग आसा."

पास्कूने आईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या, मग कार्डाकडे. हळूहळू त्याच्या लक्षात आलं. तो उठून उभा राहिला आणि गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळत राहिला.

"सायबा," तो म्हणाला. "आये, दिगू माझो शाळेतलो दोस्त. माझ्या मनातसुद्धा—" मग काय करावं न सुचून, "परत चिकटवून देव? तिकीट आसा माझ्याकडे."

"तुझ्या कात्रेक आग लागो," आई म्हणाल्या, आणि तिथल्याच बाकावर बसल्या. पास्कूने तांब्याभर पाणी आणलं. ते त्यांनी गटागटा सगळं प्यायलं. आदल्या दुपारपासूनचं पहिलं पाणी असावं.

घरी येताना त्या पुढे चालल्या. मी अर्धं पाऊल मागे. डोळ्यांना पदर लावला की काय ते मागून कळेना. बेडं जवळ आलं तेव्हा थांबल्या.

"पाडो काय पाडी?"

"काय?"

"त्या बायच्या गायक."

"ते लिहिलं नाही."

"मगे इचार तिका. ह्या काय लिवणा? मोठी खबर सांगता आणि अर्धीच."

ओसरीवर बसल्यावर मी विचारलंच. "आई, मला कालच का नाही दाखवलंत? वाडीत कुणाकडून तरी वाचून घ्यायचं."

"वाचूक दिलंय आसतंय तर वाडीभर झाला आसता. वाडीतल्यो बायलो रडाक इल्यो आसत्यो. मगे तुका घराभायर सोडल्यानी आसती?" त्यांनी पाय लांब केले, टाचा चिरलेल्या होत्या. "दिगूचो बापूस बुडालो तेव्हा मी एकवीस वर्सांचा होतंय. माका सांगल्यानी तेव्हा तोंडात घास होतो. त्या घासापासून माका कोणी उठाक दिला नाय. वर्सभर त्या कोपऱ्यात. दिगू पोटात. मगे उठलंय तेव्हा सगळा दुसऱ्यांच्या हातात गेलेला, होडी, जाळां, सगळा. मेलेल्याक काय घाई नसता, गो. तो थांबता. तुझे ते शाळेवाले थांबले नसते."

नेमणुकीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवून मी म्हणाले, "आता तर सगळं खोटंच निघालं. आता मी जायचं की नाही नोकरीला?"

"कारड खोटा झाला म्हणान नोकरी खोटी झाली काय?" त्या उठल्या. "सावित्रीकडे बघ, काय मासळी आसा काय. माका भूक लागली."

यजमानांचं कार्ड पुढल्या पंधरवड्यात आलं, सिंगापूरचं. बोट दुरुस्तीला अडकली होती. मी खुशाल आहे, आईस नमस्कार, कुंदास आशीर्वाद. आईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर चिकटवलं, आइलीबाईंच्या वर.

गणपतीला ते स्वतः आले. मी तोवर शाळेत रुळले होते; आठवडाभर कणकवलीला एका खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. पहिल्याच जेवणाला ते बोलले, "आये, हिका नोकरीक कित्याक धाडलंस? मी काय मेलंय?"

माझ्या हातातली आमटीची वाटी तशीच राहिली. आईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, वर ओलं खोबरं घातलं, आणि मग म्हणाल्या, "तू बोटीर जातंस तेव्हा आमका इचारून जातंस? जेव."

ते माझ्याकडे बघून हसले, मी खाली बघितलं. आपल्याच घरात आपण एकदा मेलो होतो, आपल्या नावाची आंघोळ झाली होती, हे त्यांना आम्ही दोघींनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.